बाह्य बॅकअप ड्राइव्ह लिनक्सवर लॉगिन न करता आपोआप माउंट कशी करावी?

पाणंद

नमस्कार मंडळी. आमच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात स्कॅनिंगचं काम मी बघते. जुने दिवाळी अंक, पानं सुटत चाललेली पुस्तकं आणि सुरुवातीच्या वर्षांची हाताने लिहिलेली इतिवृत्तं असं सगळं एका संगणकावर जमा होतंय. त्यावर लिनक्स मिंट आहे. बॅकअपसाठी यूएसबीला ४ टीबीची ड्राइव्ह लावली आहे, ती दुकानातून आली तशीच एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टम) आहे. रात्री २ वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) आरसिंक (फाइलींची प्रत काढणारा प्रोग्रॅम) चालतं.

अडचण अशी की आमच्याकडे कोकणात पावसाळ्यात लाईट जाते-येते. लाईट आली की संगणक आपोआप चालू होतो (तशी सेटिंग बायॉसमध्ये केली आहे), पण लॉगिनच्या पडद्यावर थांबतो. कोणी पासवर्ड टाकून आत गेलं तरच ड्राइव्ह दिसते, तोवर नाही. शनिवार-रविवार वाचनालय बंद असलं की बॅकअपही बंद.

लॉगिन न करता ड्राइव्ह माउंट व्हावी, म्हणजे एखाद्या फोल्डरला जोडली जाऊन वापरता यावी, यासाठी काय करू? मला टर्मिनलची भीती नाही, पण सिस्टम बंद पडेल असं काही करायचं नाही.

खटपट्या

पाणंदताई, तुमच्या संगणकात बिघाड काहीच नाही. डेस्कटॉपवर ड्राइव्ह आपोआप दिसते ते यूडिस्क्स आणि फाइल मॅनेजर यांच्यामुळे. फाइल मॅनेजर तुमच्या लॉगिनसोबत जागा होतो आणि यूडिस्क्स या ड्राइव्ह सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमकडून /मीडिया/तुमचं-नाव/ड्राइव्हचं-नाव असं माउंट करून घेतो. लॉगिन नाही तर माउंट नाही. तुम्हाला हवं ते काम /इटीसी/एफएसटॅब या फाइलचं आहे. सिस्टम सुरू होतानाच ती वाचली जाते.

(कमांड देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाका.)

आधी 'एलएसबीएलके -एफ' चालवा. ड्राइव्हसमोर यूयूआयडी (तिची कायमची ओळख-खूण) दिसेल. एनटीएफएसचा यूयूआयडी १६ अक्षरांचा असतो, लिनक्सच्या ईएक्सटी४ चा डॅशसकट ३६ चा, आणि एक्सफॅटचा चार-डॅश-चार असा छोटा. त्यामुळे भलतीच ओळ उचलली तर लगेच कळतं. /डेव्ह/एसडीबी१ असं नाव एफएसटॅबमध्ये कधीही लिहू नका. एखादा पेनड्राइव्ह आधी लागलेला असला की आजची एसडीबी उद्या एसडीसी होते.

मग 'सुडो एमकेडीआयआर /एमएनटी/बॅकअप' करून रिकामी फोल्डर बनवा आणि एफएसटॅबमध्ये सहा रकान्यांची एक ओळ घाला: यूयूआयडी, माउंटची जागा, फाइल सिस्टम, पर्याय, ०, ०. जतन केल्यावर 'सुडो सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड' आणि 'सुडो माउंट -ए'. काही तक्रार आली नाही तर झालं.

घाटमाथा

थांबा थांबा. पर्यायांच्या रकान्यात 'नोफेल' लिहायला सांगा की राव आधी!

एफएसटॅबमध्ये लिहिलेली ड्राइव्ह सिस्टमडीच्या (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) लेखी अत्यावश्यक असते. ती जागेवर नसेल तर सुरू होताना दीड मिनिट वाट बघतो आणि मग थेट इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन सोडतो. उबुंटू आणि मिंटवर रूट (सर्वाधिकाराचं) खातं मुळात कुलूपबंद असतं, म्हणून तिथे कधी कधी 'कन्सोल उघडता येत नाही, रूट खातं बंद आहे' एवढंच दिसतं आणि पुढे काही करता येत नाही. मग लाइव्ह यूएसबीवरून सुरू करून एफएसटॅबमधली ती ओळ काढावी लागते. वाचनालयात कोणी केबल काढली आणि दुसऱ्या दिवशी संगणकच उठेना, अशी वेळ येऊ नये.

'नोफेल' असलं की ड्राइव्ह नसली तरी सिस्टम पुढे जाते. सोबत 'एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०' लिहिलं तर ड्राइव्हची वाट फक्त दहा सेकंद बघितली जाते. आणि फाइल जतन केल्यावर रीबूटच्या आधी 'सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' नक्की चालवा. स्वल्पविराम चुकला, यूयूआयडीचं अक्षर गळलं तरी तिथे कळतं.

शेवंती

वाचतेय. वाचनखूण साठवली.

खटपट्या

@घाटमाथा, अगदी बरोबर. 'नोफेल' शिवाय बाह्य ड्राइव्ह लिहूच नये.

डोंगरवाट

मूळ प्रश्नाच्या आधीचा प्रश्न: ड्राइव्ह एनटीएफएस का ठेवायची?

लिनक्सच्या कर्नलमध्ये एनटीएफएस३ हा ड्रायव्हर ५.१५ पासून (२०२१) आहे, त्याआधीचा एनटीएफएस-३जी तर कितीतरी वर्षं चालतोय. लिहिता-वाचता येतं हे मान्य. पण लाईट जाऊन ड्राइव्ह मध्येच बंद पडली तर तिच्यावर 'नीट बंद झाली नाही' अशी खूण राहते, आणि एनटीएफएस३ अशी ड्राइव्ह माउंट करायला सरळ नकार देतो. विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमधून आलेल्या ड्राइव्हचंही तसंच, ती फक्त वाचण्यापुरती माउंट होऊ शकते. दुरुस्त करायला खात्रीचं हत्यार म्हणजे विंडोजचं सीएचकेडीएसके. म्हणजे लिनक्सच्या बॅकअपसाठी विंडोजचा संगणक शोधत फिरायचं.

ईएक्सटी४ ला जर्नल (बदलांची नोंदवही) आहे. लाईट गेली तरी पुढच्या वेळी जर्नल वाचून स्वतःला सावरते. फाइलचे मालक, परवानग्या, हार्ड लिंक सगळं जसंच्या तसं राहतं. माझं मत स्पष्ट आहे: डेटा दुसरीकडे हलवा, ड्राइव्ह ईएक्सटी४ करा, मग माउंटचं बघा. एनटीएफएसचं जागच्या जागी ईएक्सटी४ करता येत नाही, फॉरमॅटच करावं लागतं, हे मात्र लक्षात ठेवा.

पाणंद

डोंगरवाट, मुद्दा पटतो. पण कार्यकारिणीतल्या सगळ्यांकडे विंडोजचे लॅपटॉप आहेत. कधी अध्यक्ष म्हणतात, ड्राइव्ह द्या, घरी जुने अंक बघतो. ईएक्सटी४ केली तर त्यांच्याकडे उघडणार नाही ना?

सिंधुसागर

मग एक्सफॅट करा. कर्नल ५.७ पासून (२०२०) लिनक्समध्ये त्याचा चांगला ड्रायव्हर आहे आणि विंडोज, मॅक सगळीकडे चालते.

डोंगरवाट

एक्सफॅटला जर्नल नाही. लाईट जाणाऱ्या गावात बॅकअपसाठी मी ती अजिबात वापरणार नाही.

आणि पाणंदताई, अध्यक्षांना अंक बघायचे असतील तर वेगळ्या पेनड्राइव्हवर प्रत काढून द्या. बॅकअपची ड्राइव्ह पिशवीत घालून कोणाच्याही घरी जाता कामा नये. अध्यक्ष असोत की आणखी कोणी.

अभंगवाणी

डोंगरवाट यांच्याशी सहमत, पण ईएक्सटी४ करण्याआधी एक गोष्ट तपासा. मराठी नावांच्या फाइली ज्यांच्याकडे आहेत त्या सगळ्यांच्या कामाची आहे म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्याकडे आमच्या भागातल्या कीर्तनांची ध्वनिमुद्रणं आहेत. फाइलच्या नावातच कीर्तनकार, गाव, तिथी आणि निरूपणाचा अभंग असं सगळं लिहायची आमच्या वडिलांची पद्धत. विंडोजवर ती नावं व्यवस्थित होती. ईएक्सटी४ वर कॉपी करताना काही फाइलींवर आरसिंक 'फाइलचं नाव फार लांब आहे' म्हणून अडायचा.

कारण असं. एनटीएफएस आणि एक्सफॅट नावाची मर्यादा अक्षरांत मोजतात, २५५ पर्यंत. ईएक्सटी४ ती बाइटमध्ये मोजते, तीही २५५ च. पण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, अनुस्वार, प्रत्येकाचे वेगळे तीन. 'ज्ञानेश्वरी' डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, पण आत ११ चिन्हं आहेत आणि ३३ बाइट खर्च होतात. म्हणजे संपूर्ण देवनागरी नावात जास्तीत जास्त ८५ चिन्हं बसतात, त्यातून शेवटच्या .पीडीएफचे चार बाइट वजा करा.

मी ज्या नावांवर अडलं ती आखूड केली आणि पूर्ण तपशील त्याच फोल्डरमधल्या एका यादीत लिहून ठेवला. ताई, तुमच्या दिवाळी अंकांच्या फाइलींना लांबलचक नावं असतील तर मूळ संगणकावरची फाइल सिस्टम कोणती ते आधी बघा. ती ईएक्सटी४ च असेल तर प्रश्नच नाही, नावं तिथे आधीच बसलेली आहेत.

शेवंती

बापरे, हे माहीतच नव्हतं! आमच्या महिला मंडळाच्या पाककृतींच्या फाइलींना अख्खी वाक्यंच्या वाक्यं नावं आहेत. आजच तपासते.

पाणंद

अभंगवाणी, खूप आभार. मूळ डिस्क ईएक्सटी४ च आहे, त्यामुळे सुटलो. पण एका सभासदाने विंडोजवर स्कॅन करून दिलेले काही जुने अंक कॉपी होत नव्हते, त्याचं कारण आता कळलं.

टर्मिनलकाका

उशिरा आलो. चर्चा चांगली चालली आहे, पण सगळ्यात धोक्याची जागा अजून कोणी दाखवली नाही.

/एमएनटी/बॅकअप ही फोल्डर ड्राइव्ह नसतानाही तिथेच असते, रिकामी. 'नोफेल' लावल्यामुळे सिस्टम ड्राइव्हविना सुरू होते. रात्री २ वाजता आरसिंक येतं, त्याला ड्राइव्ह आहे की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. गाडी आली नाही तरी हमालाने सगळं सामान फलाटावर उतरवून ठेवावं, तसं ते सगळे स्कॅन मुख्य डिस्कवर उतरवत जातं. डिस्क भरते. डिस्क भरली की लॉगिनसुद्धा धड होत नाही. आणि एरवी ड्राइव्ह माउंट झाली की ते सामान तिच्याखाली झाकलं जातं, त्यामुळे जागा कुठे गेली ते शोधूनही सापडत नाही.

बंदोबस्त दोन ठिकाणी करावा. स्क्रिप्टमध्ये आरसिंकच्या आधी 'माउंटपॉइंट -क्यू /एमएनटी/बॅकअप' ही तपासणी घाला, ती नापास झाली तर 'एक्झिट १'. आणि ड्राइव्ह काढलेली असताना रिकाम्या फोल्डरवर 'सुडो सीएचएटीटीआर +आय /एमएनटी/बॅकअप' चालवा. त्याने त्या फोल्डरमध्ये रूटलाही काही लिहिता येत नाही. ड्राइव्ह माउंट झाली की वर ड्राइव्हचीच फोल्डर दिसते, तिच्यावर लिहायला काही अडचण येत नाही.

क्रॉनऐवजी सिस्टमडीचा टायमर वापरत असाल तर सर्व्हिसमध्ये 'रिक्वायर्समाउंट्सफॉर=/एमएनटी/बॅकअप' अशी ओळ घाला. मग माउंट झाल्याशिवाय बॅकअप सुरूच होत नाही.

घाटमाथा

काका, सीएचएटीटीआरची युक्ती जबरदस्त. लगेच लावली.

साशंक

सगळ्यांचं वाचलं आणि मला मूळ कल्पनाच पटत नाही. बॅकअपची ड्राइव्ह चोवीस तास माउंट का असावी?

कोणी चुकून 'आरएम -आरएफ' ही सगळं पुसणारी कमांड भलत्या ठिकाणी चालवली, संगणकात खंडणीखोर व्हायरस शिरला, आरसिंकला '--डिलीट' (मूळ जागी नसलेलं प्रतीतूनही पुसणारा पर्याय) आहे आणि मूळ फोल्डरच रिकामी झाली, यातल्या प्रत्येक वेळी मूळ आणि प्रत दोन्ही एकदम जातात. ताई, तुमच्या इतिवृत्तांची दुसरी प्रत जगात कुठेच नाही. स्कॅन गेला आणि कागदही कसरीने खाल्ला तर संपलं. माझ्या मते ड्राइव्ह कपाटात ठेवा, आठवड्यातून एकदा हाताने लावा, बॅकअप घ्या, काढा.

खटपट्या

साशंक, हाताने करायचं काम दोन महिन्यांत बंद पडतं. वाचनालयात माणसं बदलतात, सुट्ट्या येतात. आपोआप होणारा बॅकअपच टिकतो.

पण चोवीस तास माउंट नको हे मान्य. त्यावर मधला रस्ता आहे: एफएसटॅबच्या ओळीत 'नोऑटो,नोफेल,एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट,एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०,एक्स-सिस्टमडी.आयडल-टाइमआउट=६००'. यात सुरू होताना काहीच माउंट होत नाही. कोणी त्या फोल्डरला हात लावला की तेव्हा होतं, आणि दहा मिनिटं कोणी वापरली नाही तर आपोआप अनमाउंट. शिवाय ड्राइव्ह लावलेली नसेल तर त्या फोल्डरमध्ये शिरणाऱ्याला 'असं उपकरण नाही' अशी चूक मिळते, सामान फलाटावर उतरत नाही. काकांनी सांगितलेला धोकाही टळतो.

साशंक

ऑटोमाउंटमध्ये फोल्डरला हात लावला की माउंट होते, म्हणजे व्हायरसने हात लावला तरी होणारच. त्यापेक्षा साधं 'नोऑटो' ठेवा आणि रूटच्या स्क्रिप्टनेच माउंट करावं, बॅकअप घ्यावा, अनमाउंट करावं. हे मला चालेल.

टर्मिनलकाका

साशंकच्या बाजूने. स्क्रिप्ट साधी असली की पुढच्या माणसालाही वाचता येते. ताई, त्यासाठी क्रॉनची ओळ रूटच्या क्रॉनटॅबमध्ये हवी ('सुडो क्रॉनटॅब -ई'), तुमच्या खात्यातून माउंट करता येणार नाही.

एडिसनकर

अमेरिकेतून. माझ्याकडे रास्पबेरी पाय ४ वर घरचे फोटो आहेत. मी यूडेव्हचा (उपकरण लागल्याचं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमचा) नियम लिहून ड्राइव्ह लावताक्षणी स्क्रिप्ट चालवायचा प्रयत्न करतोय, पण माउंट झालेली ड्राइव्ह कुठेच दिसत नाही. स्क्रिप्ट हाताने चालवली की बरोबर चालते. कोणाला अनुभव?

टर्मिनलकाका

यूडेव्हच्या 'रन' मधून माउंट करू नका. यूडेव्ह स्वतःच्या वेगळ्या माउंट नेमस्पेसमध्ये चालतो, तिथे केलेलं माउंट बाकीच्या सिस्टमला दिसत नाही. शिवाय जास्त वेळ चालणारी स्क्रिप्ट तो मारून टाकतो. नियमात 'सिस्टमडी_वॉन्ट्स' लिहून एखादी सर्व्हिस सुरू करा आणि माउंट, बॅकअप वगैरे सगळं त्या सर्व्हिसमध्ये होऊ द्या.

घाटमाथा

एडिसनकर, पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच मिळतात. ड्राइव्ह मध्येच गायब होत असेल तर दोष माउंटचा नसून विजेचा असू शकतो. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब लावून बघा.

एडिसनकर

सर्व्हिसने काम झालं! काका, धन्यवाद. हबही मागवतो.

शेवंती

अवांतर: आमच्या ड्राइव्हचं लेबल मुलीने 'आजोबा' ठेवलं आहे, कारण घरातल्या सगळ्या जुन्या गोष्टी त्यांनाच ठाऊक. एफएसटॅबमध्ये यूयूआयडीऐवजी 'लेबल=आजोबा' चालतं का?

अभंगवाणी

चालतं, आणि नाव नेमकं बसलंय! ईएक्सटी४ च्या लेबलला १६ बाइटची मर्यादा आहे. 'आजोबा' म्हणजे पाच चिन्हं, १५ बाइट. 'आजीबाई' ठेवलं असतं तर १८ झाले असते, बसलं नसतं.

शेवंती

आजीबाई ऐकतायत शेजारी बसून, त्या म्हणतात मला कुठल्याच डबीत बसायचं नाही :)

सिंधुसागर

मूळ मुद्द्यावर येऊ. वाचनालयाला एका ड्राइव्हने भागणार नाही. कोकणात जूनमध्ये आणि परतीच्या पावसात वीज पडते, ती मीटरमधून संगणकात आणि संगणकातून यूएसबीच्या ड्राइव्हपर्यंत पोचू शकते. अनमाउंट करून ते थांबत नाही, केबलच काढलेली हवी. दोन ड्राइव्ह घ्या. एक लावलेली, दुसरी वेगळ्या इमारतीत. शाळा, ग्रामपंचायत, कोणाच्या घरी, कुठेही चालेल. महिन्याला अदलाबदल.

पाणंद

सिंधुसागर, दुसऱ्या ड्राइव्हचा खर्च बैठकीत मंजूर झाला. हायस्कूलच्या मुख्याध्यापिका त्यांच्या कपाटात ठेवायला तयार आहेत. पण मग एफएसटॅबमध्ये यूयूआयडी कोणाचा लिहू? दोन्हींचे वेगळे असणार. दर महिन्याला फाइल बदलणं नको वाटतं.

अभंगवाणी

शेवंतीताईंचा उपाय! दोन्ही ड्राइव्हना एकच लेबल द्या आणि एफएसटॅबमध्ये यूयूआयडीच्या जागी लेबल लिहा. जी लावलेली असेल ती माउंट होईल. 'ग्रंथ' ठेवा: ग, हलन्त, र, अनुस्वार, थ, पाच चिन्हं, १५ बाइट.

खटपट्या

झकास. मात्र दोन्ही ड्राइव्ह एकाच वेळी लावू नका, कोणती माउंट होईल ते सांगता येणार नाही. अदलाबदल करताना एक काढा, मग दुसरी लावा. आणि खोक्यांवर 'अ', 'ब' असं मार्करने लिहा, म्हणजे हायस्कुलात कोणती आहे ते वहीत नोंदवता येईल.

पाणंद

झालं सगळं. दोन्ही ड्राइव्ह ईएक्सटी४, लेबल 'ग्रंथ'. शेवटी ओळ अशी ठेवली:

लेबल=ग्रंथ /एमएनटी/बॅकअप ईएक्सटी४ डिफॉल्ट्स,नोऑटो,नोफेल ० २

रिकाम्या फोल्डरवर सीएचएटीटीआर केलं. रूटच्या क्रॉनमधली स्क्रिप्ट आधी माउंट करते, मग माउंटपॉइंट तपासते, आरसिंक चालवते, 'सिंक' करते आणि अनमाउंट करते. '--डिलीट' काढून टाकलं. ड्राइव्ह काढून संगणक रीबूट केला, व्यवस्थित उठला, आणि स्क्रिप्ट हाताने चालवली तर 'ड्राइव्ह नाही' लिहून थांबली. मग ड्राइव्ह लावून, लॉगिन न करता रात्रभर ठेवला. सकाळी नवे स्कॅन 'अ' वर आलेले होते.

एकच राहिलं: बॅकअप झाला नाही तर मला कळणार कसं? वाचनालयात रोज टर्मिनल उघडून बघणारी मी एकटीच आहे.

टर्मिनलकाका

स्क्रिप्टच्या अगदी शेवटी, आरसिंक यशस्वी झालं तरच, 'टच /व्हार/लॉग/बॅकअप-झाला' अशी ओळ घाला. मग डेस्कटॉप सुरू होताना चालणारी एक छोटी स्क्रिप्ट त्या फाइलची तारीख बघेल, आणि ती दोन दिवसांपेक्षा जुनी असली तर 'नोटिफाय-सेंड' ने पडद्यावर सूचना देईल. सूचना मराठीत लिहा, म्हणजे सकाळी वाचनालय उघडणारे शिपाईदादाही वाचून तुम्हाला फोन करू शकतील. पूर्ण स्क्रिप्ट रात्री इथेच टाकतो.